खालच्या रांगेसाठी पुण्याला

आमच्या केळबंदरचा माणूस पुण्याला निघाला की कुणी त्याला प्रवासाला निघाला असं म्हणत नाही. कामाला निघाला, दवाखान्यात निघाला, मुलीसाठी स्थळ बघायला निघाला असं म्हणतात. मी गेलो तो मात्र प्रवासच होता, कारण पुण्यात माझं स्वतःचं काहीही काम नव्हतं. मी आमच्या गावाचा इतिहास शोधायला गेलो होतो. समुद्रकाठच्या गावाचा इतिहास घाटावर जाऊन शोधावा लागतो, यातच पुढच्या सगळ्या वैतागाचं मूळ आहे.

नावं बदलली आहेत, गावाचंसुद्धा. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "मी आहे तोवर गप्प राहा. नंतर तुमचं तोंड कोण धरणार?" त्या आता नाहीत. तरी लिहिताना हात अडखळतो, पण न लिहिता राहिलं तर तेही टोचत राहणार. माझं असंच असतं.

आमच्या वाचनालयाने जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि चिटणीस म्हणून मी मान हलवली. मान हलवणं हा माझा जुना रोग आहे. शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून फोटो मीच जमवायचे असं ठरलं. चार दिवस गावात हिंडल्यावर कळलं, की केळबंदरचे फोटो केळबंदरात नाहीतच. आगबोट बंद झाली, वखारी बसल्या, आणि ज्यांची फोटो काढून घेण्याची ऐपत होती ती घरं उठून गेली. मुंबईला गेलेले निदान शिमग्याला, गणपतीला परत येतात. पुण्याला गेलेले तिथेच राहतात, आणि जाताना भिंतीवरच्या तसबिरी घेऊन जातात. गावात उरले होते ते खिळे.

एक फोटो मात्र वाचनालयात होता. धक्क्याचा. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आमचा दगडी धक्का बांधून झाला आणि पहिली आगबोट त्याला लागली, त्या दिवशी काढलेला. तोवर आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला यायचे. फोटोत मागे आगबोटीचं धुराडं. पुढे खुर्च्यांवर मामलेदार, खोत आणि वखारवाले. त्यांच्या मागे उभे मास्तर आणि दुकानदार. आणि खुर्च्यांच्या पायाशी, जमिनीवर, पडाव वल्हवणारे. धक्का झाल्यावर त्यांचंच काम जाणार होतं, तरी त्यांना बोलावून बसवलं होतं. पण आमच्या प्रतीचा खालचा पट्टा वाळवीने खाल्ला होता. खुर्च्यांचे पाय दिसत होते, पायाशी बसलेली माणसं नव्हती.

हा फोटो पुसत बसलो असताना जना आली. जना बाजारात मासे विकते. पंचेचाळिशीची असेल. भाव सांगताना तिची डावी भुवई वर जाते आणि मग त्या भावात घासाघीस करण्याची कुणाची छाती होत नाही.

"मास्तर, माझा बापूस ह्यात हाय म्हणतात. खाली, उजव्या टोकाला."

तिचा बाप राघो तांडेल. एका पडावाचा म्होरक्या. फोटो काढला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात होडी उलटून गेला, तेव्हा जना आईच्या पोटात होती. त्याचा दुसरा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता.

"पुण्यात याच्या प्रती असणार," मी म्हणालो. "आणतो मी." चार माणसं ऐकत होती. कुणी मागितलं नव्हतं, मीच बोललो.

"बघा हां. माणसं शब्द देतात आणि मग बाजारात माझ्यासमोरून जायचं टाळतात. मासे खायचे बंद होतील तुमचे." दुसऱ्या दिवशी एसटीवर येऊन तिने माझ्या हातात सुकटीचं पुडकं दिलं. "ज्याच्याकडे मिळेल त्याला द्या. फुकट काय आणू नका."

स्वारगेट

वाळलेल्या बारीक कोळंबीला आमच्याकडे वास येत नाही. घाट चढायला लागल्यावर येतो. तिसऱ्या वळणावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपल्या पिशवीत काही वारलंय का?"

मी म्हणालो, औषध आहे. हे खोटं मला स्वारगेटपर्यंत छळत राहिलं. उतरताना खरं सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्या मागे गेलो, तर ते भरभर चालायला लागले.

स्वारगेटच्या मागच्या बाजूला एका लॉजच्या मॅनेजरने रजिस्टरवरून मान वर न करता सांगितलं, "आपल्याला खोली आहे. पिशवीला नाही." शेवटी पुडकं खिडकीबाहेर गजाला टांगायच्या बोलीवर खोली मिळाली. सकाळी जाग आली ती कावळ्यांच्या सभेने. खाली रस्त्यावर दोन माणसं थांबून वर बघत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "पिंडाला शिवतायत. ज्याचा असेल त्याची इच्छा पुरी झाली." मी कावळे हाकलले, पुडकं आत घेतलं, मॅनेजरची नजर चुकवली आणि बाहेर पडलो. पहिला अर्धा दिवस मी पुण्यात चोरासारखा वावरलो.

नारायण पेठ

आमच्या गावात दार उघडंच असतं आणि पाहुणा ओटीवर आल्यावर हाक मारतो. इथे आधी बेल, मग भोक, मग साखळी, आणि साखळीच्या फटीतून अर्धा चष्मा.

"कोण?"

"केळबंदरहून आलोय. पत्र टाकलं होतं."

"पोचलं. सकाळी येतो म्हणाला होतात."

"सकाळच आहे ना?"

"आपल्याकडे असेल. आमचा कुकर झाला."

हे आपटे. आमच्या खोतांचे नातू, निवृत्त इंजिनियर. आत घेतलं, पाणी दिलं, आणि मी काही म्हणण्याआधी भिंतीकडे बोट केलं. धक्क्याचाच फोटो! शिसवी चौकट, लखलखीत काच. खोत खुर्चीवर, हातात काठी. माझी नजर खाली गेली. चौकट बरोबर खुर्चीच्या बैठकीपाशी संपत होती.

"जरा चौकट उघडून बघू या का? खालची माणसं आत दबली असतील."

"कशाला?"

"खाली एक तांडेल बसलाय."

"बसू दे की. आम्ही त्याला उठ म्हटलेलं नाही."

तासभर मी त्यांना जनाबद्दल सांगितलं. ते ऐकत होते की नव्हते कळेना. पण मग आपणच उठले, पक्कड आणली, मागचे चुके एकेक करून काढले आणि बशीत ठेवले. काच माझ्या हातात दिली. पुठ्ठा निघाला. फोटो खालून सरळ कापलेला होता.

"फ्रेमवाल्याने कापला," ते शांतपणे म्हणाले. "चौकट आधी घेतली होती, फोटो नंतर आला. मग काय, चौकट कापायची?"

त्याच वेळी माझ्या हातातल्या काचेचा कोपरा टवकला. मी भरून देतो म्हणालो, दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणायला लागलो.

"नको, नको," आपटे म्हणाले. "भरून दिलीत तर आम्हाला चार लोकांत सांगायला काय उरलं?"

तिथून शनिवारात सुमनताईंकडे. या आमच्या जुन्या वखारवाल्यांच्या सून. यांनी साखळी लावली नव्हती. मला बघितल्याबरोबर पान मांडलं. अळूची भाजी, मटकीची उसळ, आणि आमटी अशी गोड की मला वाटलं चुकून बासुंदीची वाटी आली. मी सगळं संपवलं, पुन्हा मागितलं, आणि इतकं खाल्ल्यावर फोटो मागायचा कसा या विचाराने अर्धमेला झालो.

"फोटो? आहे ना!" त्यांनी ट्रंकेतून काढला.

मी आयुष्यात असा फोटो पाहिलेला नाही. धुराडं होतं, खुर्च्या होत्या, कोट-उपरणी होती, डोकी नव्हती. जिथे जिथे घरातलं माणूस होतं तिथे गोल भोक.

"आमच्यात कुणी गेलं की यातून डोकं काढून देवघरात लावतात," सुमनताई म्हणाल्या. "निराळा फोटो कोण काढत होतं तेव्हा? हे मामंजी, हे थोरले काका, हे त्यांचे व्याही."

देवघराच्या फळीवर बोराएवढी डोकी ओळीने उभी होती, प्रत्येकाला चंदनाचा टिळा.

"आणि खालची पट्टी?"

"ती मागेच कापली. या डोक्यांना पाठीमागून काहीतरी जाड लावायला नको का? नाहीतर वाकतात. छान जाड कागद होता तो. आणि तिथे ओळखीचं कुणी नव्हतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. आमचे पडाववाले शेठजींच्या मागे चिकटवले होते. मी एक डोकं उचललं, उलटं केलं. खळीचा करडा थर. नखाने हळूच कोपरा उचलून बघायला लागलो.

"अहो!" सुमनताई ओरडल्या. "मामंजींना सोलताय काय!"

मी माफी मागितली. देवाचीही मागितली, मामंजींचीही. पण माझा संताप गेला नाही, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. या बाईंनी मला पोटभर जेवायला घातलं होतं. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, आपट्यांनी केलं नव्हतं, फ्रेमवाल्याने तर त्याचं काम केलं होतं. तरी गावातली एक अख्खी रांग नाहीशी झाली होती.

निघताना सुमनताईंनीच सांगितलं, "बंदरावरच्या कारकुनांची बायको आहे अजून. दामले. कारकुनही म्हणे खालीच बसले होते, पडाववाल्यांवर देखरेख त्यांची ना! मुलाने मांजरीला बंगला बांधलाय. तिकडे बघा."

मांजरी

हडपसरच्या पुढे पुणं संपलं असं वाटतं आणि तरी पत्ता पुण्याचाच असतो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसातून मधेच एखादा गुलाबी बंगला. मी चुकीच्या फाट्यावर उतरलो होतो. रिकामी ट्रॉली घेऊन चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारलं, "कुटं जायचं हाय?"

मी सांगितलं. त्याने मला शेजारी मडगार्डवर बसवलं. थोडं गेल्यावर नाक वर केलं.

"काय वास सुटलाय वो?"

मी आता खोटं बोलायला कंटाळलो होतो. "सुकट आहे."

"सुकट हाय? आन तुमी पिशवीत घालून उन्हातानाचं फिरवताय व्हय!" त्याने ट्रॅक्टरच थांबवला. "किती दिस झालं खाऊन."

त्याने मागितली नाही. नुसता पिशवीकडे बघत राहिला. माझी मान हलली. पुडकं त्याला देऊन टाकलं आणि बंगल्याच्या फाटकात पोचेपर्यंत मला घाम फुटला, कारण ते द्यायचा हक्क माझा नव्हता.

श्रीकांत दामले बँकेत नोकरीला होता, पन्नाशीला आलेला, अतिशय भला माणूस. मला हाताला धरून आत नेलं. "गावाचं माणूस पहिल्यांदाच येतंय! आई, बघ कोण आलंय. या, आधी बाबांना भेटा."

दर्शनी भिंतीवर मोठी तसबीर होती. ताजा झेंडूचा हार. काळा कोट, काळी टोपी, कपाळावर गंध. पूर्वी स्टुडिओवाले लहान फोटो मोठा करून त्यावर ब्रशने कोट-टोपी चढवत, तसली. मी हात जोडले आणि जोडलेलेच राहिले.

डावी भुवई वर गेली होती.

कान बाजूला फाकलेले, जनाचे. हनुवटी जनाची. आणि कोटाच्या रंगवलेल्या कॉलरवर, चित्रकाराच्या नजरेतून सुटलेला, काळ्या दोऱ्यातला ताईत.

"बंदरावर साहेब होते," श्रीकांत म्हणाला.

"कारकून," कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आवाज आला. त्याची आई. सत्तरीच्या, किरकोळ, ताठ.

"मी दोन वर्षांचा होतो बाबा गेले तेव्हा," श्रीकांत सांगत होता. "पण परीक्षा असो, नोकरी असो, हे घर असो, यांच्यासमोर उभं राहिल्याशिवाय काही केलं नाही. कधी नाही म्हणायचं असलं की भुवई जास्त वर गेल्यासारखी वाटते बघा." मग तो चहा सांगायला आणि मोतीचुराचे लाडू आणायला बाहेर पडला. स्कूटरचा आवाज लांब गेला.

"ओळखलंत," आई म्हणाल्या.

"कुणाला?"

"मास्तर आहात ना? खोटं बोलायला तरी शिका, नाहीतर बोलू नका."

मी खाली बसलो. जनाचं सगळं सांगितलं.

"ह्यांना विषमज्वर झाला," त्या म्हणाल्या. "मी पोराला घेऊन पुण्याला दिरांकडे आले. तसबीर करायला दिरांनी तो धक्क्याचा फोटो स्टुडिओत दिला. पुढून खूण केली तर फोटो खराब होईल, म्हणून ह्यांच्या डोक्याच्या मागे, पाठीमागच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली. फोटो उलटला की डावं उजवीकडे जातं, हे स्टुडिओवाल्याच्या ध्यानात आलं नाही. ह्यांचं टोक एक, राघोचं दुसरं. त्याने राघोला उचललं, कोट घातला, गंध लावलं. मूळ फोटो काही परत आला नाही."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तेराव्याची पंगत बसली होती. दिरांनी तसबीर लावली, हार घातला आणि रडायला लागले. म्हणाले, अगदी आता बोलेल असं वाटतं. भावाला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यात वर कोट-टोपी. मोठे होते ते, सगळं त्यांनी निस्तरलं होतं. मी दाराआड उभी. चोवीस वर्षांची. पंगतीपुढे येऊन सांगू, की हा तुमचा भाऊ नव्हे?"

"पण नंतर?"

"नंतर हा बोलायला लागला आणि तिकडे बोट दाखवून बाबा म्हणाला." त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. "राघो परका नव्हता हो. नवी नवरी म्हणून आगबोटीतून आले, तेव्हा पडावातून उचलून कोरड्या वाळूवर त्यानेच ठेवलं मला. शालूला पाणी लागू दिलं नाही. त्याला हार घालताना मला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही."

"आणि दामल्यांचा फोटो?"

"नाही. मला आठवतात."

"मी शोधतो. एखादी प्रत कुठेतरी—"

"शब्द देऊ नका," त्या म्हणाल्या. "तोंडावर दिसतंय तुमच्या, आता देणार म्हणून. तांडेलाच्या मुलीला दिलाय तो आधी फेडा. आणि मी आहे तोवर श्रीकांतला कळता कामा नये. मी गेले की माझी तसबीर याच्या शेजारी लागेल. लागू दे."

श्रीकांत लाडू घेऊन आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, "अरे, गावच्या प्रदर्शनात हा फोटो हवाय म्हणतात. एक मोठी प्रत काढून दे, आणि एक छोटी."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तसबीर त्याने कुणाला हात लावू दिली नाही. रिक्षात मांडीवर घेऊन हडपसरच्या स्टुडिओत नेली आणि फोटो काढून होईपर्यंत शेजारी उभा राहिला. "आणि मी उद्घाटनाला येणार," तो म्हणाला. "बाबा इतक्या वर्षांनी गावी जातायत."

आईचा निरोप घेताना मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "आता काय करणार?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे ओठ हलले. हसल्या की काय ते मला आजही सांगता येणार नाही.

परत केळबंदर

जनाला मी सगळं सांगितलं, सुकटीसकट. छोटी प्रत तिच्या हातात दिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "कोट कुणाचा ह्यो?"

"रंगवलेला आहे."

तिने एक तळवा कोटावर ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं टोपीवर. मधे तेवढा चेहरा उरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"बारका हाय की," ती म्हणाली. "माझ्याहून बारका."

प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली मी नाव लिहिलं, एकाखाली सोडून. अध्यक्ष चिडले. "एवढा मोठा फोटो आणि नाव नाही?" मी म्हणालो, चौकशी चालू आहे. दामले लिहिलं असतं तर जनाच्या डोळ्यांसमोर तिचा बाप पुसला असता. तांडेल लिहिलं असतं तर श्रीकांतच्या. अनेकदा पेन उचललं आणि ठेवलं. शेवटी भ्याडासारखा जनाकडे गेलो आणि म्हणालो, उद्घाटनाच्या दिवशी येऊ नको, दुसऱ्या दिवशी निवांत ये. तिने भुवई वर केली. मी परत आलो.

उद्घाटनाला श्रीकांत बायकोला घेऊन आला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात हार. आणि दारातून जना आली, हिरवी नवी साडी, केसांत अबोली. दोघं एकाच तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली. मी फुलदाणीमागे होतो आणि मला तिथून हलता येईना.

श्रीकांतने हार घातला, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा शेजारी जनाही हात जोडून उभी होती.

"आपण ओळखत होता बाबांना?" त्याने विचारलं.



"नाय हो," जना म्हणाली. "आज पहिल्यांदाच बघतेय."

"चेहरा बघा ना. आपल्याशी काहीतरी बोलतील असं वाटतं."

"व्हय," ती म्हणाली. "मलापण तसंच वाटलं."

आणि ती थोडी बाजूला सरकली, त्याला नीट समोर उभं राहता यावं म्हणून.